महिपतीचं मशीन आणि संग्रामची म्हैस

दोन टेकड्यांच्या मधल्या एका गावात महिपती नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? सांगाल तेवढंच करायचा. कमी नाही, जास्त नाही. त्याची बायको ऋतुजा मात्र चांगली चलाख होती. माहेरी ती कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायची आणि तिन्ही भावांना रडकुंडीला आणायची. सासरी आल्यावर तिच्या कानावर आलं की तालुक्याच्या तरुण मंडळानं तसलीच शर्यत ठेवलीय. ज्यानं त्यानं आपापल्या घरून इंटरनेटवर खेळायचं. ऋतुजाचे हात शिवशिवायला लागले, पण घरात कॉम्प्युटर नव्हता.

सासूबाईंचा, म्हणजे गोदाआक्कांचा, जीव म्हशीत अडकला होता. त्या म्हणाल्या, "घे बाई मशीन. जिंकलीस तर ऱ्हाऊ दे घरात. हरलीस तर मशीन जाईल आन् त्या जागी म्हैस येईल."

ऋतुजा कबूल झाली. तिनं महिपतीला सांगितलं, "अहो, तालुक्याला जा आणि गेम झकास चालेल असं मशीन आणा."

"बरं," महिपती म्हणाला.

संध्याकाळी तो डोक्यावर भलंमोठं काचेचं खोकं घेऊन आला. दुकानात त्याच्यात लाल-निळे दिवे लागत होते म्हणे. अख्खी गल्ली बघायला जमली. ऋतुजानं झाकण काढलं तर आत काहीच नाही. नुसता डबा.

"अहो, दिव्यांना काय भुललात? वस्तू घेताना आधी उघडून आत काय आहे ते बघावं."

"असं व्हय? बरं. ध्यानात ठेवतो."

पुढच्या खेपेला तिनं त्याला हार्डडिस्क आणायला धाडलं. सगळा खेळ जिच्यात साठवायचा ती चपटी डबी. महिपतीनं दुकानाच्या पायरीवरच बसून तिचे सगळे स्क्रू काढले. आत आरशासारखी लखलखीत चकती निघाली. त्यानं तिच्यात तोंड बघितलं, मिशी सारखी केली, चकतीवर धूळ बसली म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खूश होऊन घरी आला.

"आत बघून आणलीय," तो म्हणाला. "माल चांगलाय."

ऋतुजानं कपाळाला हात लावला. त्या डबीत धुळीचा एक कण गेला तरी ती कामातून जाते. "अहो, कंपनीनं जे बंद करून दिलंय ते आपण सोलायचं नसतं. जसं आलंय तसं ठेवायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या खेपेला नवी हार्डडिस्क आणि उरलेले सगळे भाग आले. ऋतुजानं एकेक भाग जोडला. भाकरी तव्यावर होती म्हणून शेवटचा पंखा तेवढा तिनं महिपतीकडे सोपवला. मशीनचा मेंदू थंड ठेवणारा तो पंखा. त्याच्या बुडाला प्लॅस्टिकचा पापुद्रा होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'बसवण्याआधी काढा'. महिपती गालात हसला. मागच्या वेळी फसलो, आता कशाला फसतोय! त्यानं पापुद्र्यासकट पंखा घट्ट बसवला.

मशीन सुरू झालं, तापलं आणि गप्प झालं.

"जसं आलं तसं ठेवलंय," महिपती म्हणाला.

ऋतुजानं पापुद्रा काढला. नशीब, मेंदू जळला नव्हता. पण तिचा जीव वरखाली झाला होता. "अहो, गरम लागलं की आधी बंद करायचं. कळलं?"

"कळलं. ध्यानात ठेवतो."

आता मशीनमध्ये सिस्टिम टाकायची राहिली होती. दुकानदारानं फोनवर विचारलं, "विंडोज टाकून देऊ का?"

"नको, लिनक्स द्या," ऋतुजा म्हणाली. "माझा खेळ त्यावर चालतो, मी बघून ठेवलंय. उगाच पैसे कशाला घालवायचे?"

महिपती पेनड्राइव्ह आणायला गेला. दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, हे लिनक्स. फुकट असतंय. मागंल त्याला द्यायचं, न्हाई म्हणायचं न्हाई. घेणाऱ्यानंबी पुढं मागंल त्याला द्यायचं. ह्याची रीतच तशी हाय."

महिपतीला ही रीत फार आवडली. वाटभर तो ती घोकत आला.

लिनक्स टाकायला सुरुवात झाली आणि ऋतुजा पाणी भरायला गेली. महिपतीनं सहज मशीनला हात लावला. कोमट लागलं. त्यानं लगेच बटण दाबलं.

सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. "अहो, एकदा सुरू झालेलं काम पुरं होईस्तोवर बंद करायचं नाही," ऋतुजा म्हणाली. "जग इकडचं तिकडे झालं तरी नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

अखेर शर्यतीचा दिवस उजाडला. लाइटचा भरवसा नव्हता म्हणून मशीन यूपीएसच्या बॅटरीला जोडलेलं होतं. इंटरनेट ऋतुजाच्या मोबाईलवरून येत होतं आणि मोबाईल मशीनवरच ठेवला होता. मांडीवर स्टेअरिंग घेऊन ऋतुजा बसली. एकेक गडी मागे पडत गेला. शेवटच्या फेरीला ऋतुजाची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. गोदाआक्कासुद्धा पदर खोचून, "हाण, पोरी, हाण," म्हणायला लागल्या होत्या.

नेमकी तेव्हाच कुंपणापलीकडून संग्रामनं हाक मारली. संग्रामकडे एक लाथा मारणारी म्हैस होती आणि ती कुणी घेत नव्हतं. "महिपती, आमचा कॉम्प्युटर बसलाय. म्हस विकायचीय, तिचा फोटो टाकतो म्हणतोय. तुमचं मशीन मिळंल का?"

मागेल त्याला द्यायचं. महिपती उठला. पण सुरू असलेलं बंद करायचं नाही. दोन्ही नियम एकदम पाळायची युक्ती त्याला सुचली. त्यानं यूपीएसची भिंतीतली पिन तेवढी काढली आणि बॅटरी, मशीन, स्क्रीन सगळं चालू स्थितीत हातगाडीवर चढवून गाडी दाराबाहेर काढली.

"अहो!" ऋतुजा ओरडली. पण स्टेअरिंग सोडलं तर खेळातली गाडी दरीत जाणार. वायर जेमतेम चार हात. मग काय, पुढे महिपतीची हातगाडी, मागे स्टेअरिंग घेतलेली ऋतुजा, तिच्या मागे गोदाआक्का आणि त्यांच्या मागे गल्लीतली कुत्री. गल्लीच्या वळणाला हातगाडी उजवीकडे वळली, खेळातली मोटार डावीकडे वळली. ऋतुजानं दोन्ही सांभाळलं. संग्रामच्या फाटकात हातगाडी शिरली आणि त्याच क्षणी तिची मोटार पहिली आली.

गोदाआक्कांनी तिथंच सुनेची दृष्ट काढली. "ऱ्हाऊ दे गं तुझं मशीन," त्या म्हणाल्या. "म्हशीचं नाव काढणार न्हाई मी." ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कांनी तिला हाताला धरून घरी नेलं आणि चहा टाकला.

चहा उकळतोय तोच अंगणात घंटा वाजली. महिपती हातात दावं धरून उभा होता. दाव्याला संग्रामची म्हैस होती.

"हे काय?" ऋतुजानं विचारलं.

"म्हस."

"ते दिसतंय. मशीन कुठंय?"

"संग्रामला दिलं. त्यानं मागितलं. मग घेणाऱ्यानंबी द्यायचं असतंय, म्हणून मी म्हस मागितली. त्यानं दुसऱ्यांदा विचारलंसुदिक न्हाई, दावं हातात दिलं. मशीन त्याच्या मेव्हण्यानं मागितलं, तो टेम्पोत घालून घेऊन गेला. आता लांब गेला असंल."

"अहो, पण मी जिंकले होते!"

महिपतीला काही तिचं ऐकू गेलं नाही. त्यानं कौतुकानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि एकाएकी त्याचा चेहरा उतरला होता.

"अगं, ही तर चांगलीच गरम लागतीया," तो म्हणाला. आणि हिचं बटण कुठं असतं ते बघायला मागच्या बाजूला गेला.