लसूण की लसूणघास?

परीचे पंख निळे होते की जांभळे, हे मला आता नक्की सांगता येत नाही. गोष्ट फार जुनी, आणि माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. पण गोष्टीतली राही मात्र लख्ख आठवते.

रानाच्या कडेला इवलंसं झोपडं होतं. त्यात राही, तिची आई आणि एक शेळी. मायलेकींत मिळून एकच गोधडी, तीही विरलेली. दारापुढे हरभऱ्याचा चिमुकला तुकडा, पोट भरायचं ते त्याच्यावरच. आणि रोज पहाटे हरणं येऊन तोच खाऊन जायची.

"आता बास!" शेजारचा शिवाकाका एका सकाळी म्हणाला. "उद्या माझी कुत्रीच सोडतो त्यांच्यावर."

"नको हो काका, त्यांच्यात पाडसं आहेत!"

"मग तू वाढ की त्यांना जेवायला!" काका खो खो हसला.

राही डोळे पुसत रानात गेली. ओढ्याकाठी कोळ्याच्या जाळ्यात दवाचे मोती चमचम करत होते, आणि त्या मोत्यांत अडकली होती बोटभर उंचीची परी! राहीने तिला अलगद सोडवलं, कोळ्याचं घरही न मोडता.

"गुणाची गं माझी बाय!" परी किणकिणली. "दोन इच्छा देते. एक दुसऱ्यासाठी, एक तुझ्यासाठी. पण जो शब्द तोंडातून निघेल, तोच खरा होईल. परत घेता यायचा नाही हं."

आता झालं काय, राहीच्या घरी शेळीच्या लसूणघासाला नुसतं 'लसूण'च म्हणायचे. "शेळीला लसूण टाक गं," असं आई रोज सांगायची. म्हणून राही पटकन बोलून गेली, "हरणांसाठी माळावर लसूण उगवू दे! आणि तिकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेनेही लसूण!"

लुकलुक, झगमग! माळभर हिरव्यागार पाती डोलू लागल्या. एक पाडस दुडूदुडू आलं, त्याने नाक लावलं आणि... फाक्छी! सगळा कळप शिंकत माघारी पळाला.

"अगं बाई, हा तर फोडणीचा लसूण!" राही रडवेली झाली. "मला ते तीन-तीन पानांचं कोवळं गवत हवं होतं."

"शब्द गेला, सोनुल्या. पण तुझी इच्छा आहे ना अजून. काय मागणार होतीस?"

"ऊबदार घोंगडी. आईसाठी आणि माझ्यासाठी." राही थांबली. तिला पाडसाचं ओलं नाक आठवलं, उद्याची कुत्री आठवली. मग तिने एकेक अक्षर जपून उच्चारलं, "ल-सू-ण-घा-स. हरणांसाठी."

मऊ मखमली गवत असं दाट वर आलं, की लसणाचे शुभ्र गड्डे टपाटप बाहेर ढकलले गेले. हरणं निवांत चरू लागली.

"हे गड्डे तुझ्याच शब्दाचे," परी म्हणाली. "ने घरी. बांधावर लाव, उरलेले बाजारात ने." ती हसत गिरकी घेऊ लागली. पंखांची भुकटी गवतावर झरझर झरली, उजेड वाढत वाढत गेला, आणि शेवटी नुसता उजेडच उरला.

दुसऱ्या दिवशी शिवाकाका कुत्री घेऊन आला. बांधावरचा लसूण हुंगून कुत्रीच शिंकली. हरभरा जसाच्या तसा.

"कुठे गेली गं तुझी हरणं?"

"जेवायला, काका. आत्ताच वाढून आलेय."

पुढच्या बाजारी लसूण विकून घोंगडी आली. चांगली दोघींना पुरेल एवढी.

आणि पंखांचं म्हणाल, तर पुष्कळ वर्षांनी लसूणघासाला आलेला फुलोरा मी चष्मा पुसून पुसून दोनदा पाहिला. जांभळाच आहे.