भुशाचा ढीग

ओढ्याकाठच्या एका रानात उंबराचं जुनं झाड होतं आणि त्यावर एक खार आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. बाळांनो, ते झाड तिला तिच्या आईकडून मिळालं होतं. एका ढोलीत ती स्वतः राही, बाकीच्या भाड्यानं देई. भाडं म्हणजे काय, तर कुणी बोरं आणून द्यायचं, कुणी दाणे. पिल्लं लहान होती, त्यांना टाकून लांब जायला तिचा जीव धजत नसे, म्हणून या भाड्यावरच तिचं घर चाले.

शेजारी आंब्याचं झाड होतं, ते साळुंकीचं. साळुंकीकडेही भाडेकरू होते, आणि एकदा आलेला भाडेकरू तिच्याकडून हलत नसे. यानंच खारीच्या पोटात दुखे. सकाळी डोळे उघडले की तिची पहिली नजर पिल्लांवर जाई आणि दुसरी आंब्यावर. तिथं कुणी नवीन आलं की काय, हे बघितल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

तशी साळुंकीच्या ढोल्यांना शोभा अशी नव्हतीच. पावसाळ्यात ढोलीत पाणी मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. कुजकं दिसलं की साळुंकी भाडेकरूला थोडे दिवस दुसरीकडे झोपायला लावी आणि चोचीनं कोरून कोरून सगळं कुजकं बाहेर टाकी. ढोलीचं तोंड ओबडधोबड होई आणि खाली भुशाचा हा मोठा ढीग पडे. खारीची एक लांब फांदी नेमकी त्या ढिगावर आली होती.

"अगं साळुंकी, हा तुझा उकिरडा माझ्या फांदीखाली आलाय," खार म्हणे. "माझ्याकडे चार जण घर बघायला येतात. काय म्हणतील?"

"काढते हो खारताई. एक ढोली कोरायची राहिलीय, मग एकदमच काढते."

"तुझं आपलं नेहमीचंच 'काढते'."

खरं सांगायचं तर खारीच्या ढोल्याही कुजल्या होत्या. लांब फांदीवरच्या ढोलीत तर पंजा टेकला की तळ दबायचा. पण कोरायचं म्हणजे ढोली रिकामी ठेवायची आणि भाडं बुडवायचं. शिवाय साळुंकीला कळलं तर ती मनातल्या मनात हसेल, हे खारीला कसं सोसावं? तिनं ओढ्यावरून चिखल आणला, त्यात डिंक कालवला आणि ढोली आतून गुळगुळीत लिंपून काढली. वर हिरवंगार शेवाळ लावलं. तरी ढोलीच्या तोंडाशी बुरशीच्या पांढऱ्या छत्र्या उगवायच्या. खार रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, त्या कुरतडून टाकायची. मग आंब्याकडे बघून म्हणायची, "आता दाखव म्हणावं अशी ढोली."

थंडी सुरू झाली आणि साळुंकीची सगळ्यात जुनी भाडेकरीण, पोपटीण, खारीच्या दारात आली. तिला अंडी घालायची होती.

"तिकडे बाई सारखी कोरकोर चाललेली असते, डोकं उठतं माझं," पोपटीण म्हणाली. "तुमच्याकडे काही आहे का?"

खारीला आनंद पोटात मावेना. तिनं लिंपलेली ढोली दाखवली. पोपटिणीनं आत मान घातली आणि लगेच बाहेर काढली.

"ओलसर वास येतोय हो. त्यापेक्षा तुमची राहती ढोली छान आहे. ती देत असाल तर आजच येते."

खारीनं वर बघितलं. आंब्यावरून साळुंकी इकडेच बघत होती. झालं, तेवढं पुरलं.

"घ्या की," खार साळुंकीला ऐकू जाईल असं म्हणाली. "आमचं काय, आम्ही कुठंही राहू."

संध्याकाळी तिनं पिल्लांना तोंडात धरून लांब फांदीवरच्या ढोलीत नेलं.

"आई, खालून गार लागतंय," धाकटं म्हणालं.

"नवीन घर आहे, होईल सवय." तिनं खाली सावरीचा दुप्पट कापूस अंथरला. लिंपणाखाली काय आहे ते तिला माहीत होतं. पण घर बघायला येणाऱ्यांना 'ठणठणीत आहे' असं इतक्यांदा सांगून झालं होतं की आता तिला स्वतःलाच ते थोडं खरं वाटू लागलं होतं.

सकाळी ती ढोलीच्या तोंडाशी बसून आंब्याकडे बघत होती. पोपटिणीची जागा रिकामी झाली होती आणि साळुंकी ती एकटीच कोरत होती. ते बघून खारीला किती गार वाटलं म्हणून सांगू. मागे पिल्लं उड्या मारत होती. तेवढ्यात भस्स असा आवाज झाला. तिनं मागे वळून बघितलं, तर कापूस नाही, पिल्लं नाहीत. तळाला भगदाड पडलं होतं आणि त्यातून खालचा उजेड वर येत होता.

ती कशी खाली आली ते तिचं तिलाच कळलं नाही. ओढ्याकाठी जिकडेतिकडे दगडच दगड. पण त्या फांदीखाली भुशाचा ढीग होता, आणि त्यात दोन्ही पिल्लं कानापर्यंत रुतून शिंकत होती. साळुंकी तिच्या आधीच पोचली होती आणि चोचीनं त्यांच्या डोळ्यांवरचा भुसा काढत होती.

"काही लागलं नाही हो. मऊ भुशात पडलीत."

खारीनं पिल्लांचे पाय चाचपले, कान चाचपले, शेपट्या चाचपल्या. मग परत पहिल्यापासून चाचपलं.

"ढीग काढायचा राहूनच गेला बघ, खारताई," साळुंकी ओशाळून म्हणाली. "आज काढते."

"राहू दे," खार म्हणाली. मग खाली मान घालून तिनं विचारलं, "कोरायचं कुठवर असतं गं?"

"कडक लाकूड लागेपर्यंत. चल, मी येते संगतीला."

संध्याकाळपर्यंत त्या ढिगात खारीच्या ढोल्यांचाही भुसा पडला. भाडं काही दिवस बुडालं. पण त्यानंतर रोज सकाळी खारीची पहिली नजर पिल्लांवर जाई आणि दुसरी, त्यांच्या पायाखालच्या लाकडावर.

तात्पर्य : दुसऱ्याच्या घराकडे जळून बघत राहिलं की आपल्या घराची कूज दिसत नाही, आणि वरून लिंपून झाकलेली कूज एक दिवस आपल्याच लेकरांच्या पायाखाली खचते.