पालथा खल

चिमाईची पुडी जिभेवर पडली की गिळायची. कशाची आहे, कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये, हे विचारायचं नाही. विचारलं की गुण जातो. हिरडमाळात जन्मलेल्या प्रत्येक लेकराला हे बोलायला येण्याआधीच कळतं, कारण चैत्राच्या जत्रेत पहिली चिमूट जिभेवर पडते तेव्हा ते रडतं, आणि आई त्याच्या तोंडावर हात ठेवते.

मीही ती चिमूट गिळतच मोठी झाले. आता मला चिमाईची गोष्ट सांगायची आहे, आणि पूर्ण सांगायची आहे. आमच्याकडे ती दोन तुकड्यांत सांगतात. पहिला तुकडा पुरुष देवळाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं सांगतात. दुसरा बायका सांगतात, बाळंतिणीच्या खोलीत, दार लोटून. आत्याच्या बाळंतपणात शेगडीत निखारे नेऊन घालायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून लहानपणीच दोन्ही तुकडे माझ्या कानांवर पडले. ते जोडले की जे दिसतं, त्याची मला लाज वाटते. चिमाईची नाही. आमची.

तर ऐका.

फार वर्षांपूर्वी, घाटाला रस्ता नव्हता आणि मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून गावात यायचं, तेव्हा हिरडमाळात चिमाई नावाची बाई राहत होती. गावाच्या वरच्या अंगाला हिरड्याची राई आहे, तिथं तिचं खोपट होतं. खोपटाच्या दारात काळ्या दगडाचा खल होता. तो तिनं डोंगरावरून उचलून आणला नाही, तर तोच तिच्या मागून कुत्र्यासारखा चालत आला, असं म्हणतात. ती कुटायला बसली की त्या ठोक्यावर गावातली तान्ही मुलं झोपी जायची. वेशीपर्यंत आलेला ताप तो ठोका ऐकून आल्या पावली माघारी फिरायचा, असंही म्हणतात.

पण चिमाईचं नाव झालं ते पुडीमुळं नाही. तिच्या विचारण्यामुळं.

कुणी आलं की ती आधी त्याला बसवायची, पाणी द्यायची आणि मग सुरू व्हायची. काल काय खाल्लंस? झोप लागते का? पोट साफ होतं का? आणखी कुणाचं औषध चालू आहे का? बाई असेल तर तिला जवळ ओढून कानात विचारायची, पोटात कुणी आहे का गं? उत्तर मिळेपर्यंत ती खलाला हात लावायची नाही. आणि उत्तर मिळालं की पुष्कळदा खलाला हात लावायची गरजच उरायची नाही. "जा, दोन घास कमी जेव." "दिवस मावळायच्या आत जेव." "जावेशी भांडण मिटव, झोप आपोआप येईल." लोक पुडी न्यायला यायचे आणि बोलणी खाऊन परत जायचे. पण बरे व्हायचे.

एकदा एक जण म्हणाला, "चिमाई, दे की चिमूटभर. रानातलंच तर आहे, त्यानं काय अपाय होणार?"

चिमाई म्हणाली, "धोतराही रानातलाच आहे बाबा. नागही रानातलाच."

त्या वेळी गावाचे पाटील होते रखमाजी. त्यांना करपट ढेकरांचा त्रास होता. ढेकर आली की चावडीवरची चिमणी उडायची, असं म्हणतात. ते घोड्यावर बसून राईत आले आणि खाली न उतरताच म्हणाले, "पुडी दे."

"आधी उतरा," चिमाई म्हणाली. "आंघोळीचं पाणी कोण काढतं तुमचं?"

"गडी काढतो."

"आणि शेतावर कसे जाता?"

"घोडं आहे की."

"म्हणूनच गडी आणि घोडं दोघांची तब्येत ठणठणीत आहे. जा पाटील, तुमची पुडी विहिरीत पडलीय. रोज सकाळी स्वतः जाऊन ओढून काढा."

पाटील पहिल्या दिवशी पोहरा घेऊन गेले तेव्हा विहिरीचं पाणी हसलं, असं म्हणतात. पाणी हसलं की नाही कुणास ठाऊक, गाव मात्र हसलं. पाटलांच्या ढेकरा थांबल्या. गावाचं हसणं पाटील विसरले नाहीत.

ओट्यावरची गोष्ट इथं एकदम उडी मारते. पुरुष म्हणतात, मग एका चैत्रात चिमाई खल पालथा घालून राईत शिरली आणि देव झाली. जाताना सांगून गेली, माझी पुडी घेत जा आणि विचारू नका. झालं, संपली गोष्ट, बोला चिमाईच्या नावानं चांगभलं. जी बाई जन्मभर विचारत राहिली, ती जाताना विचारू नका असं का सांगेल, हे त्या ओट्यावर कुणी विचारत नाही. विचारलं की गुण जातो ना!

आता दार लोटते आणि दुसरा तुकडा सांगते.

चैत्रात साऱ्या गावानं पोट साफ करायचं, अशी तेव्हा रीत होती. त्यासाठी चिमाई जुलाबाची जहाल पुडी कुटायची. हिरड्यात एक जंगली बी पडायचं, ते चुकीच्या पोटात गेलं तर घात करायचं. म्हणून ती एकेकाला आत बोलावून, विचारून मगच द्यायची. कुणाला अर्धी, कुणाला पाव, आणि कितीतरी जणांना नाहीच. याला वेळ लागायचा. पाटील आणि गावची चार जाणती माणसं एके वर्षी चावडीवर बसली आणि म्हणाली, "ही कुठली रीत? बाईमाणसानं पुरुषाला परसाकडचं विचारायचं? आमच्या लेकीसुनांना काय काय विचारते कुणास ठाऊक. पोटातली गोष्ट पोटातच राहिलेली बरी." त्यांनी ठरवलं, यंदा चावडीपुढं रांग लागेल. चिमाईनं प्रत्येकाच्या जिभेवर एकेक चिमूट ठेवायची. विचारायचं नाही.

चिमाई नाही म्हणाली. मग तिला सांगितलं गेलं की राई गावाची आहे आणि खोपटही गावाच्या जागेत आहे. एकटी बाई होती. ती खल उचलून चावडीपुढं आली.

रांगेत पाटलांची सून उभी होती, सगुणा. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तिला दिवस गेले होते आणि ते अजून घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पहिलटकरणीनं असं कुणापुढं आपणहून बोलायचं नसतं. पण ती निर्धास्त होती, असं बायका म्हणतात. चिमाई जवळ ओढून कानात विचारेल, मग सांगू. उत्तर तिनं जिभेवर तयार ठेवलं होतं.

सगुणा पुढं आली. चिमाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. पदराआडचे तिचे सुजलेले डोळे पाहिले, कमरेवर ठेवलेला हात पाहिला. चिमाईनं तोंड उघडलं.

पाटील खाकरले.

चिमाईचं तोंड मिटलं. उत्तर ठेवलं होतं त्याच जिभेवर तिनं चिमूट ठेवली, आणि सगुणानं दोन्ही गिळलं.

मूल राहिलं नाही. कुणी म्हणालं देवाची मर्जी, कुणी म्हणालं सुनेचा पायगुण. चिमाई चावडीपुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी विचारलं नाही." ती पुन्हा म्हणाली, "मी विचारलं नाही." कुणी मान वर केली नाही. तेव्हा तिनं तो खल दोन्ही हातांनी पालथा घातला. मग तो कुणालाच सुलटा करता आला नाही. गावातले सगळे बैल जुंपले तरी दोर तुटले, खल हलला नाही, असं म्हणतात. चिमाई तोंडावर पदर घेऊन राईकडं चालू लागली, तेव्हा तिची लाज कुणाला दिसू नये म्हणून हिरड्यांनी आपल्या फांद्या वाटेवर वाकवल्या, असं म्हणतात. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या वाटेवरच्या झाडांना आजही फळ धरत नाही. हे मात्र नुसतं म्हणत नाहीत, मी स्वतः पाहिलं आहे.

गावाला लाज वाटली. पण लाज फार दिवस अंगावर वागवता येत नाही. म्हणून गावानं त्या खलापाशीच चिमाईचं देऊळ बांधलं. पाटलांचा नियम तिच्या तोंडी घातला, दुसरा खल आणला आणि पाटलांच्याच घरात पुडी कुटायला सुरुवात केली.

ती आजही कुटतात. जत्रेत पाटलांच्या घरातला थोरला माणूस तांब्याची वाटी घेऊन उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या जिभेवर चिमूट ठेवतो. आता प्लास्टिकच्या डब्याही निघाल्या आहेत. डबीवर चिमाईचं चित्र आणि खाली 'संपूर्ण नैसर्गिक'. साखरेवर तीच, गुडघ्यांवर तीच, केसांवरही तीच. पुण्यामुंबईचे पाहुणे पिशव्या भरून नेतात आणि त्यांच्या रोजच्या गोळ्यांबरोबर घेतात. कुणी विचारत नाही. पालथ्या खलावर बायका हळदकुंकू वाहतात. त्याच बायका बाळंतिणीच्या खोलीत सगुणासाठी डोळे पुसतात, आणि चैत्र आला की सुनेला हाताला धरून रांगेत उभी करतात. न कळता चुकणं वेगळं. इथं सगळ्यांना सगळं माहीत आहे.

यंदाच्या चैत्रात रांगेत माझ्यापुढं आमची शीतलवहिनी होती. तिला दिवस गेलेत हे दादाला आणि मला माहीत होतं, बाकी कुणालाच नाही.

"वहिनी, घेऊ नकोस," मी म्हटलं.

"हळू बोला ना ताई, सासूबाई ऐकतील."

आईनं ऐकलंच. वहिनीकडं एकदा पाहिलं आणि तिला समजलं. मग ती माझ्यावर घसरली. "जत्रेत तमाशा नको. चिमूटभर तर असते. मी तुम्हा दोघांच्या वेळी घेतली. झालात ना धडधाकट?"

"आणि दादाच्या नि माझ्या मधलं, जे राहिलं नाही?" मी विचारलं.

आईनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. तिच्यावर मला राग यायला हवा होता. लाजच वाटली, तिचीही आणि माझीही.

रांग पुढं सरकली. गेणूतात्या पाटील वाटी घेऊन उभे होते. त्यांच्यामागं ओट्यावर गावची जुनी माणसं बसली होती. "तोंड उघड सूनबाई," तात्या म्हणाले.

मी वाटीवर हात ठेवला. "तात्या, यात काय काय आहे?"

"हे बघा!" तात्या ओट्याकडं वळून हसले. "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. देवीला जाब विचारायचा."

"देवीला नाही, तुम्हाला विचारतेय."

"झाडपाला आहे पोरी. नैसर्गिक. माझ्या आज्यानं दिला, बापानं दिला. त्यानं काय होतंय?"

"धोतराही झाडपालाच आहे. चिमाई म्हणायची."

"हात काढ गं," ओट्यावरून कुणीतरी ओरडलं. "विचारलं की गुण जातो!"

"जाऊ दे. सगुणाचं मूल गेलं, तसा गुणही जाऊ दे."

हे नाव त्या ओट्यापुढं कधी कुणी घेतलं नव्हतं. रांगेतल्या बायकांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मी वहिनीला जवळ ओढलं, पण कानात नाही बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "वहिनी, पोटात कुणी आहे का गं?"

तात्या खाकरले.

वहिनीची मान खाली गेली. मी पुन्हा विचारलं, "वहिनी, पोटात कुणी आहे का?"

"आहे," वहिनी म्हणाली. मग पदर मागं सारून, तात्यांकडं बघत म्हणाली, "तिसरा लागलाय."

"मग ती घेणार नाही," मी म्हटलं. "मीही घेणार नाही. आणि तात्या, आमच्यामागं बायका उभ्या आहेत. एकेकीला विचारल्याशिवाय तुम्ही यातली चिमूट द्यायची नाही. विचारायला लाज वाटत असेल, तर देऊच नका."

तात्यांची चिमूट बोटांतच राहिली. त्यांनी ओट्याकडं पाहिलं. ओट्यावरची माणसं पालथ्या खलाकडं पाहत होती. मागं कुणाचं तरी तान्हं रडू लागलं, आणि त्याच्या आईचा तोंडाकडं निघालेला हात मध्येच थांबला. ते रडत राहिलं. मी वाट पाहिली.

कुणीही खाकरलं नाही.