एसीच्या आधीचं भोक

भुसावळच्या उन्हात द्वारकाकाकूंचं घर उभं राहत होतं. एसी घ्यायला अजून दोन-तीन वर्षं होती, पण त्याच्या नळीसाठी भिंतीत भोक आत्ताच ठेवा, असा काकूंचा हट्ट. उद्या गिलावा होणार, मग रंग, आणि पुढे तीच रंगवलेली भिंत फोडत बसायची का?

ठेकेदार फिरकेभाऊ मिशीला पीळ देत गवंड्यांसमोर हसले. "काकू, एसीचा पत्ता नाही अन् भोक आधी! असला उलटा कारभार मी जन्मात पाहिला नाही. एसी आला की पाडू." विषय संपला म्हणून त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "घ्या, आज नातीचे कान टोचले."

काकूंनी पेढा तोंडात टाकला. "वा! झुमके घेतले असतील?"

"छे हो, दीड महिन्याची पोर ती! झुमके लग्नात."

"अगं बाई! मग टोचायची घाई कशाला केलीत, भाऊ? लग्नातच टोचायचे की! इकडे अक्षता पडल्या, की तुम्ही मांडवात छिन्नी-हातोडा घेऊन उभे!"

गवंडी थाप्या टाकून हसत सुटले. फिरकेभाऊंच्या घशात पेढा अडकला. घोटभर पाणी पिऊन ते ओरडले, "दात काय काढता? पाइप आणा! अन् भोकाला बाहेरच्या अंगाला उतार द्या, काकूंच्या घरात पाणी यायला नको!"