चिमूटभर मैदा

"...आणि काहीच वाटत न्हाई?" बुवांनी विचारलं.

"काहीच नाही," विश्वंभर म्हणाला.

"राग?"

"गेला."

"दुःख?"

"तेही गेलं."

मठाचे बुवा कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान डोलावली. 'छान' म्हणून डोलावली की 'बघू' म्हणून, ते विश्वंभरला कळलं नाही. त्याने आपलं 'छान' असं धरलं.

बोलता बोलता तो भट्टीतून नानकटाईचे ट्रे बाहेर काढत होता. लांब दांड्याची फळी आत सरकवायची, ट्रे अलगद ओढायचा आणि कट्ट्यावर ठेवायचा. हात सराईत झाले होते, बघायचीही गरज नव्हती.

मठात भट्टी असणं तसं चमत्कारिकच. पण ज्यांनी मठ स्थापला ते थोरले महाराज संन्यास घेण्याआधी छावणीत पाव भाजायचे. आपल्याला जे येतं ते देवाला द्यावं, म्हणून त्यांनी देवळाच्याही आधी भट्टी बांधली. त्यांच्या पुण्यतिथीला अजून पावाचाच प्रसाद असतो. पाव निघाले की आसपासच्या गावांतल्या बायका घरून आणलेली नानकटाई भाजून घेतात. मैदा, पिठीसाखर, तूप त्यांचं, भट्टी मठाची. आज तीच पुण्यतिथी होती.

नानकटाईला आग चालत नाही. पहाटे भट्टीत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे सगळे बाहेर ओढायचे, ओल्या पोत्याने तळ पुसून घ्यायचा. आधी पाव लावायचे. भट्टी जरा उतरली की मग नानकटाई. घाई केली तर ती वरून करपते आणि आत कच्ची राहते.

विश्वंभर हे सगळं बुवांकडूनच शिकला होता.

मठात आला तेव्हा तो भयंकर संतापलेला होता. तो नर्मदेकडे यात्रेला गेला असताना इकडे वडील गेले. निरोप पोचला नाही. परत आला तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते. वडिलांना अग्नी दिला होता थोरल्या बहिणीने, सगुणाने. घरात एकुलता एक मुलगा असताना मुलीने अग्नी दिला, हे त्याला सहन झालं नाही. अक्काला नाही नाही ते बोलून, घरचं पाणीसुद्धा न पिता तो तडक मठात आला.

बुवांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि त्याच्या हातात निखारे ओढायचा लोखंडी दांडा दिला होता.

"आधी आग बाहेर काढाय शीक," एवढंच ते म्हणाले होते.

विश्वंभरने तो उपदेश मानला. मनातली आग बाहेर काढायची, असा त्याचा अर्थ लावला आणि वर्षानुवर्षं ती काढत राहिला. मठात आल्यापासून त्याची भाषाही शुद्ध झाली होती. प्रवचनं करायचा. लोक पाया पडायचे, आणि ते त्याला आवडत नाही असं तो म्हणायचा.

उद्या त्याची दीक्षा ठरली होती. मठाची रीत अशी की दीक्षा घेतलेल्याने दिवस मावळायच्या आत निघायचं आणि पुन्हा या पंचक्रोशीत पाऊल ठेवायचं नाही. घर संपलं, नातं संपलं.

बुवांनी अजून 'हो' म्हटलं नव्हतं, म्हणून हे प्रश्न.

"अक्का येती का अजून?" बुवांनी विचारलं.

"दरवर्षी येतात. नानकटाई घेऊन."

"बोलतोस?"

"बाकीच्या बायकांशी बोलतो तेवढं."

"म्हंजे किती?"

"ट्रे इथे ठेवा. ट्रे घेऊन जा."

"आणि ती कोपऱ्यातली?"

विश्वंभरचा हात जरासा थांबला.

लहानपणी आई नानकटाई वळायची तेव्हा परातीत उरलेल्या शेवटच्या गोळ्याची एक मोठी नानकटाई करायची, विसूसाठी, म्हणजे त्याच्यासाठी. आई गेल्यावर अक्का करायला लागली. अजूनही दरवर्षी अक्काच्या ट्रेच्या कोपऱ्यात एक मोठी नानकटाई असायची. दरवर्षी विश्वंभर ती नीट भाजायचा आणि बाकीच्यांबरोबर परत पाठवायचा. कडसुद्धा तुटू द्यायचा नाही.

"त्यांची वस्तू त्यांना परत जाते," तो म्हणाला.

"व्हय," बुवा म्हणाले आणि त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

...

अक्का आली तेव्हा बाकीच्या बायका आपापले ट्रे घेऊन गेल्या होत्या. तिच्या पायांवर पोटरीपर्यंत धूळ होती. डोक्यावर ट्रे, ट्रेवर धुतलेलं फडकं.

"उशीर झाला, महाराज." धाकट्या भावाला ती महाराजच म्हणायची. "यष्टी चुकली. फाट्यापासनं चालत आले. जमंल का अजून?"

भट्टीच्या तोंडातून अजून धग येत होती. विश्वंभरला ती हातावर जाणवत होती.

"ठेवा तिथे, बाई."

तिने ट्रे कट्ट्यावर ठेवला, फडकं काढून घडी केली आणि लांब उंबराखाली जाऊन बसली. कोपऱ्यातली नानकटाई यंदा बशीएवढी होती. ही शेवटची, हे तिलाही ठाऊक असणार.

विश्वंभरने ट्रेकडे पाहिलं. मग तो बुवांच्या समोर येऊन मांडी घालून बसला.

"तर मी सांगत होतो..."

आणि त्याने वैराग्यावर बोलायला सुरुवात केली. देह म्हणजे काय, नातं म्हणजे काय, वाट चालताना एका धर्मशाळेत भेटलेली माणसं सकाळी आपापल्या वाटेने कशी जातात. चांगलं बोलत होता. त्याच्या प्रवचनाला गर्दी व्हायची ती काही उगीच नाही. बुवा ऐकत होते. मधेच एकदा त्यांनी भट्टीकडे पाहिलं. विश्वंभरच्या ते लक्षात आलं, तरी तो बोलत राहिला.

अक्का एकदा उठून उभी राहिली. परत बसली.

विश्वंभरला तेही दिसलं. बुवांना दिसावं, असंच त्याला वाटत होतं. सख्खी बहीण उन्हातून चालत आली आहे, समोर बसली आहे, आणि आपलं बोलणं एका शब्दानेही चुकत नाही, हे त्यांनी पाहावं. ते पाहिल्यावर उद्याची दीक्षा नक्की होती.

उंबराची सावली लांब होत कट्ट्यापर्यंत आली.

"बघितलंत?" शेवटी तो हळूच म्हणाला. त्याने छातीवर हात ठेवला. "त्या तिथे आहेत. आणि इथे... शांत."

"हं."

बुवांनी सुपारी थुंकली.

"आता टाक तिचा ट्रे आत."

विश्वंभर उठला. भट्टीचा अंदाज घ्यायची त्याची एक पद्धत होती. चिमूटभर मैदा घ्यायचा, आत विटांवर टाकायचा आणि बघायचं. लगेच काळा पडला तर भट्टी कडक आहे. सावकाश बदामी झाला तर नानकटाईला बरोबर. त्याने पावांच्या परातीत उरलेला मैदा चिमटीत घेतला, आत टाकला आणि वाकून बघत राहिला.

मैदा पडला तसाच होता. पांढरा.

"निवली, बुवा."

"म्हंजे?"

"यात आता काही भाजणार नाही."

"आग तर तू सकाळीच काढलीवतीस."

"हो, पण..."

"पण काय?"

"आग काढली तरी विटांत ऊब असते, बुवा. भाजतं ते तिच्यावर. ती..."

तो थांबला.

"ती कुठं गेली?"

विश्वंभरने पुन्हा वाकून भट्टीत पाहिलं.

बुवा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. सावकाश परातीपाशी गेले, चिमूटभर मैदा घेतला. खात्री करायला तेही भट्टीत टाकून बघणार, असं विश्वंभरला वाटलं. तो बाजूला सरकला.

बुवांनी तो मैदा त्याच्या छातीवर टाकला.

आणि मान जराशी वाकडी करून, डोळे बारीक करून बघत राहिले. भट्टीत बघतात तसे.

विश्वंभरला हसायचं होतं, पण हसू आलं नाही. हलावं तर मैदा सांडेल, म्हणून तो हललाही नाही. त्याच्या करड्या बंडीवर पांढरा ठिपका होता आणि बुवा त्याच्याकडे बघत होते.

...

"पांढराच ऱ्हायला," बुवा म्हणाले.

मग त्यांनी हात झटकले.

"तिचा ट्रे तिला नेऊन दे. कच्चाच. तुझ्या हातानं."

विश्वंभरने ट्रे उचलला. त्याच्या भट्टीतून आजवर कुणाचं काही कच्चं परत गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आधी त्याला लाज वाटली ती त्याचीच. बहिणीशी वागलो त्याची नंतर वाटली, वाटेत. भट्टीपासून उंबरापर्यंतची वाट तशी फार नव्हती, पण तेवढ्यात वाटली.

"बाई," तो म्हणाला, "भट्टी निवली. भाजायची राहिली."

अक्काने ट्रेकडे पाहिलं. नानकटाया मऊ, पांढऱ्याफटक होत्या. कोपऱ्यातली मोठी उन्हाने तूप सुटून एका बाजूला कलंडली होती.

"असू द्या," ती म्हणाली. "माझाच उशीर झाला."

तिने ट्रे त्याच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि वर पाहिलं.

"आणि हे काय सांडून घेतलंस अंगावर?"

असं म्हणत तिने एका हाताने त्याचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने त्याची छाती झटकली. मैदा घामात बसला होता, निघेना. तिने पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि खसाखसा पुसायला लागली. विसू लहान असताना त्याच्या तोंडाला लागलेलं ती असंच पुसायची.

मधेच ती थांबली. पदर सोडला.

"चुकलं, महाराज. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

विश्वंभर तसाच उभा होता.

"अक्का," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द आला नव्हता. अक्काने मान खाली घातली.

"त्या दिवशी..." तो म्हणाला.

"वाट बघितली रे," अक्का म्हणाली. ती जमिनीकडे बघत बोलत होती. "दोन मानसं धाडली हुती तुझ्या मागं. त्यास्नी तू गावलाच न्हाईस. दिवस कलला, ऊन काय मी सांगाय नको... लोक म्हनाले, आता ठेवता येनार न्हाई. कुनीतरी म्हनलं, चुलत्याच्या हातनं द्या. मी म्हनलं, विसू न्हाई तर मी हाय. दुसऱ्या कुनाचा हात लागू दिला न्हाई मी आप्पांस्नी."

तिने घडी केलेलं फडकं पुन्हा ट्रेवर घातलं.

"तू असतास तर तुज्या मागं हुभी ऱ्हायले असते."

विश्वंभरला रडू आलं. आधी त्याने ते आवरायचा प्रयत्न केला, आणि मग तो उंबराच्या मुळावर बसून पोरासारखा रडला. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली.

"मला कुनी सांगितलंच न्हाई गं," तो म्हणत होता. "मी इचारलंच न्हाई..."

अक्का त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

...

बऱ्याच वेळाने तो कट्ट्याकडे परत आला. डोळे लाल होते, बंडीवर ओल्या पदराचा डाग होता. हातात अक्काचा कच्चा ट्रे होता.

बुवा भट्टीच्या तोंडाशी उकिडवे बसून आत बघत होते.

"बुवा..."

"हं."

"उद्याची दीक्षा..."

बुवांनी मागे वळून पाहिलं नाही.

"आधी लाकडं आण," ते म्हणाले.