डाव्या पुडीची कणीक

"मग मेंदूतल्या पेशीला 'तू जग' असं सांगतं कोण?" धोंडबुवांनी विचारलं.

"कोणीच नाही, बुवा. तीच तर गंमत आहे."

डॉक्टर हेरंब खुलले. मेंदूच्या संशोधनात त्यांचं मोठं नाव होतं आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

मठाच्या ओसरीवर त्यांचा धाकटा भाऊ रंगा बसला होता. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून त्याने मृदंगाला हात लावला नव्हता. हात पुन्हा चालेल का, हाच घोर साऱ्या घराला लागला होता. आज बुवांनी त्याच्यापुढे मृदंग ठेवला. शेजारी मृदंगाच्या चामडी पुडीसाठी भिजवलेली कणीक.

"मार बसला की पेशीत मरणाचे निरोप सुटतात," डॉक्टर सांगत होते. "पण मायक्रोआरएनए म्हणून इवलेसे रेणू असतात. त्यातले काही तो निरोपच दाबून टाकतात. पेशी वाचते."

"सगळेच असे गुणी?"

"छे. काही नेमका जगण्याचा निरोप दाबतात. मग पेशी जाते... रंगा, हात थरथरतोय तुझा. राहू दे."

रंगाचा हात कणकेवरून मागे आला.

बुवांनी ते पाहिलं.

"ही कणीक वाजते का रे, हेरंबा?"

"नाही."

"मग डाव्या पुडीला कशाला थापतात?"

"नुसती पुडी टणटणते. कणीक ते टणटणणं दाबते, मग नाद घुमतो. लहानपणी तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं..."

रंगाने पुन्हा हात पुढे केला. गोळा उचलला, डाव्या पुडीवर थापला.

"वाकडा बसला," डॉक्टर म्हणाले. "बुवा, एवढ्यात नको. त्याच्या स्कॅनमध्ये अजून..."

बुवांनी उरलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा केला. शांतपणे डॉक्टरांच्या ओठांवर थापला.

डॉक्टर बघतच राहिले. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडाला कणीक!

रंगाला हसू फुटलं. पोट धरून हसला. अपघातानंतर तो असा हसलाच नव्हता. हसता हसता त्याचा डावा हात पुडीवर पडला.

धुम्.

...

तो स्वतःच दचकला. मग उजवा हात उचलला. एक बोल चुकला. दुसरा सापडला. तिसऱ्याला मान डोलली आणि बोटांना जुनी वाट आठवली.

ओसरी घुमू लागली. बुवा मांडीवर ताल धरून बसले. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इतका आनंद त्यांना कुठल्या पुरस्काराने झाला नव्हता.

भावाला शाबासकी द्यावी म्हणून त्यांनी ओठांवरची कणीक काढायला हात वर नेला.

बुवांनी तो अलगद धरला.

"राहू दे. अजून वाजवतोय तो."