उलट्या आट्यांचं पायडल

वस्तू तोंड उघडून बोलायच्या, त्या काळी नानू कासाराने चप्पल सटकते म्हणून सायकलला रुंद, सपाट पायडलांची नवी जोडी बसवली. डावं पायडल उलटं फिरवून आवळलेलं उजव्याने पाहिलं, आणि त्याला आयताच विषय मिळाला.

"आटेच उलटे तुझे," ते म्हणालं. "असल्यासोबत जोडी म्हणजे माझी शोभाच."

डावं आपलं फिरत राहिलं.

पावसाळ्याआधी नानूने दोघांच्या आतल्या छऱ्यांना लावायला ग्रीस काढलं.

"ते चिकट घाणेरडं त्या उलट्याला चोपडा," उजवं म्हणालं. "आम्हा सरळ माणसांना कसलं वंगण?"

"बरं बाबा, राहा तसंच," म्हणत नानूने डाव्यापुरतं ग्रीस भरलं.

श्रावणात उजवं आतून गंजलं, कुरकुरलं आणि एका चढावर जाम झालं. ते स्वतःभोवती फिरेना, तेव्हा नानू पाय मारेल तसे त्याचे आटेच सुटत गेले. शेवटी ते चिखलात पडलं. मागोमाग नानूही पडला, बांगड्यांच्या पेटीसकट.

काचा वेचून झाल्यावर नानूने उजव्याला पिशवीत कोंबलं.

"काही म्हणा, माझे आटे सरळ आहेत," पिशवीतून आवाज आला.

डाव्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पाहिलं की. अगदी सरळ बाहेर आले."